आक्काच्या हातची भाकरी

आक्का भाकरी कानाला लावून बघायची. खापराच्या तव्यावरून उतरलेली, हाताला चटका बसेल अशी भाकरी ती उचलायची, पाठीवर टिचकी मारायची आणि कान पुढे करायची. आवाज पसंत पडला तर भाकरी टोपलीत जायची, नाहीतर "मधी वली हाय अजून" असं म्हणून ती पुन्हा निखाऱ्यांपाशी उभी करायची. लग्न होऊन मी नंदिगड्ड्याला आले, तेव्हा पहिल्याच सकाळी हे पाहून मला हसू आवरेना. ही माझी थोरली जाऊ, आणि मी नवी नवरी तिच्यासमोर तोंडाला पदर लावून हसतेय! तिने माझ्याकडे रोखून पाहिलं, मग तीच भाकरी माझ्या कानाशी धरली. "हसतीस काय? ऐक की." मला कसलाच आवाज आला नाही. "ईल, ईल," ती म्हणाली, "चार पावसाळं जाऊ देत."

माझं माहेर खानापूरच्या पूर्वेला, जोंधळ्याच्या मुलखातलं. जोंधळ्याची भाकरी मी डोळे मिटून थापत असे आणि त्याचा मला थोडा ताठाही होता. इथे सगळा तांदूळ आणि नाचणी. तांदळाच्या पिठाला आधी आधणाचं पाणी दाखवून उकड काढावी लागते, हे मला ठाऊक नव्हतं. मी गार पाण्यात पीठ भिजवलं आणि थापायला बसले, तर भाकरी काठवटीतच फुटली. दुसरी खापरावर टाकताना फुटली. मी रडकुंडीला आले. आक्काने ते सगळे तुकडे गोळा केले, ताकात कुस्करले आणि आपल्याच ताटात घेतले. थोरल्या दिरांनी विचारलं, "आज काय खातीस हे?" तर म्हणाली, "मला आज असंच खावंसं वाटलं." त्या दिवसापासून मी तिला 'अहो' म्हणायचं सोडलं. तिनेच सोडायला लावलं. "एका चुलीवर बसणाऱ्यांनी तुमी-आमी करायचं न्हाई. चुलीला परकं वाटतं," असं तिचं म्हणणं.

आमच्याकडचा पाऊस म्हणजे महिनोन् महिने न उघडणारं आभाळ. ज्येष्ठ सरला की रान अंधारून यायचं, भिंतींना ओल चढायची, अंगावरची लुगडी वाळत नसत. अशा दिवसांत आक्का नाचणीकडे वळायची. उन्हाळ्यात तिने चुलीच्या वर माळ्यावर लाकडं रचून ठेवलेली असत. ती तिची खास, त्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पुरुष लावणी करून, भिजलेली कांबळी झटकत यायचे, तेव्हा चूल रसरसलेली असायची. काळसर, जाड भाकरी आणि कुळथाचं कढण. माझे पती तिला म्हणायचे, "वैनी, तुझ्या चुलीपाशी बसलं की पाऊस लांब गेल्यागत वाटतो." लगेच आक्काच्या हातून त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी पडायची.

भाद्रपदात वेलींना तवशी लागायची. हातभर लांबीची पिवळी काकडी. ती किसून, तांदळाच्या कण्या आणि गूळ घालून, हळदीच्या पानांवर थापून ती पातेल्यात ठेवायची. खाली निखारे, वर झाकणावर निखारे. झाकण उघडायचा मान मात्र कुणाला नाही. "मधेच उघडलं की वडीला राग येतो, मग ती बसते," असं म्हणत ती पातेल्याकडे पाठ करून बसायची. हळदीच्या पानाचा वास पार शेजारच्या परड्यात जायचा आणि काहीतरी निमित्त काढून बायका यायच्या. कुणी विस्तव मागायला, कुणी विरजण मागायला. आक्का सगळं ओळखून असायची. विस्तव द्यायची आणि त्याबरोबर केळीच्या पानावर एक वडीही द्यायची.

उन्हाळ्याच्या शेवटी कणगी तळाला जायची. तेव्हा फणसाच्या आठळ्या वाळवून, कांडून, त्यांचं पीठ ती तांदळात मिसळायची. किती मिसळलं ते कुणाला कळू द्यायची नाही. दोघे भाऊ म्हणायचे, "आज भाकरी गोडसर लागते." "नवीन तऱ्हा हाय," ती सांगायची. आमच्या घरातून कुणी अर्धपोटी उठलं, असं माझ्या आठवणीत एकदाही झालं नाही. हे मी माहेरी छाती पुढे काढून सांगत असे.

मग ते मानमोडीच्या तापाचं वर्ष आलं. सुप्याच्या बाजारातून ताप रानात शिरला. आश्विनाचे दिवस होते, भात पिवळं होऊन उभं होतं आणि कापायला माणूस नव्हतं. आमच्या वाडीत घराघरांतून कण्हण्याचे आवाज यायचे. आमच्या घरी दोघे भाऊ एकाच दिवशी आडवे झाले. उभ्या राहिलो त्या मी आणि आक्का.

तापकऱ्यांना भाकरी चावत नव्हती. आक्काने मग पानगी लावली. तांदळाचं सैलसर पीठ, चवीला मीठ, केळीच्या पानात गुंडाळून खापरावर. पान करपलं की आतली पानगी मऊ, वाफाळलेली, जिभेने मोडता येईल अशी. मी दळायची, ती भाजायची, आणि टोपली घेऊन आम्ही दोघी घरोघर जायचो. वाडीच्या वरच्या अंगाला गवळ्यांचं एक घर होतं. तिथली म्हातारी एकटीच उरली होती. मी म्हटलं, "आक्का, तिकडं चढण हाय, तुझे पाय बघ." ती म्हणाली, "माझं पाय काय बघतीस? तिच्या चुलीत जाळ हाय का ते बघ." आणि ती चढून गेली.

माझे चुलत सासरे, ज्यांना सगळी वाडी थोरले आप्पा म्हणायची, तेही त्या तापात पार गेल्यात जमा होते. त्यांच्या बायकोलाही, म्हणजे अव्वांनाही, उठवत नव्हतं. आक्का त्यांचं डोकं मांडीवर घेऊन पानगीचे बारीक तुकडे भरवायची. ते तोंड फिरवायचे. ती दटावायची, "आप्पा, गिळा. तुमास्नी मरायला सवड न्हाई. भात उभं हाय."

आप्पा वाचले. माझे पती वाचले. आक्काचा नवरा, माझे थोरले दीर, गेले.

त्यांना न्यायलादेखील माणसं पुरेशी नव्हती. आक्काचं कुंकू पुसलं, बांगड्या फुटल्या. तिला मूलबाळ नव्हतं, धरून रडायला मी होते. दिवसभर ती भिंतीला टेकून बसली. घोटभर पाणीही तिने घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जात्यावर बसले आणि माझ्याने दळवेना. तेवढ्यात समोर येऊन ती बसली आणि खुंट्याला हात घातला. मी म्हटलं, "आक्का, तू नको." ती म्हणाली, "ती माणसं काल उपाशी झोपली. मी रडत बसले म्हणून त्येंच्या पोटात काय पडणार हाय काय?" जातं फिरायला लागलं. पीठ पडत होतं आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी गालावरून ओघळत होतं. तिने ते पुसलं नाही, कारण पुसायला हात थांबवावा लागला असता.

ताप ओसरला. उरलेल्या माणसांनी सगळ्या वाडीचं भात एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून कापलं. त्या वर्षी नवं उशिरा, पार मार्गशीर्षात झालं. नवं म्हणजे नव्या तांदळाचा पहिला घास. नव्या पिठाची पहिली भाकरी देवापुढे ठेवायची आणि मग सगळ्यांनी मिळून खायची. ती भाकरी दरवर्षी आमच्या घरी व्हायची आणि आक्का करायची. त्या दिवशीही तिने पहाटे आंघोळ करून चूल सारवली, उकड काढली. अंगणात वाडी जमली होती.

थोरले आप्पा उंबऱ्यापाशी आले. काठी टेकून उभे राहिले. आक्काकडे न बघता मला म्हणाले, "धाकले, तू बस चुलीपुढं. नव्याची भाकरी सवाष्णीनं करायची असती."

आक्काने उकडीतला हात काढून घेतला. मला तिचा चेहरा बघवेना. सासऱ्यांपुढे तोंड वर करून मी आजवर बोलले नव्हते. पण मी जिथे होते तिथून हलले नाही. पदराला हात पुसले आणि म्हटलं, "मी न्हाई बसणार."

"काय म्हणलीस?"

"मी पिठाला हात लावणार न्हाई, आप्पा. आक्का करंल, न्हाईतर ह्या घरात आज भाकरी होणार न्हाई."

माझे पती अंगणातून उठून उभे राहिले. मला वाटलं, आता मला दटावतात. पण ते तसेच उभे राहिले, खाली बसले नाहीत. तेव्हा आक्का बोलली. आवाज चढवला नाही तिने. "आप्पा, तुमी तापात हुता तवा माझ्या हातची पानगी तुमच्या पोटात गेली. दोन दीस गेली माझ्या कुंकवासकट, आन मागनं आठ दीस बिनकुंकवाची. तुमास्नी चवीत फरक लागला काय?"

आप्पा वळले आणि काठी आपटत घरी निघून गेले.

मला वाटलं, त्यांच्यामागून अंगण रिकामं होणार. एकही जण हलला नाही. गवळ्यांची म्हातारी लोण्याचा द्रोण घेऊन आली होती. तिने तो चुलीपाशी ठेवला आणि म्हणाली, "थाप बाय. भूक लागलीय." आक्काने पीठ मळायला घेतलं. ती भाकरी अशी फुगली की तिचा पापुद्रा अलगद सुटून वर आला. देवापुढे ठेवली, आणि मग तिचा कण कण सगळ्यांनी वाटून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वा मागच्या दारी आल्या, पदराआड रिकामी टोपली. "शिळी उरलीय काय गं? म्हाताऱ्यानं कालपास्नं पाण्याबिगार काय घेतलं न्हाई. नव्याची खाणार न्हाई म्हणतोय, पर शिळी चालंल म्हणतोय." मला हसू फुटलं. आक्का मात्र गंभीर होती. तिने आदल्या दिवशीच्या तीन भाकऱ्या निखाऱ्यावर शेकल्या, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि टोपलीत घातल्या. "सांगा त्येंना, शिळीच हाय," ती म्हणाली. त्या नव्याच्याच पिठाच्या होत्या. आप्पांना ते कळलं नसेल असं मला वाटत नाही. पुढच्या वर्षी नव्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या शेतातलं पहिलं सूपभर भात आमच्या घरी आलं, आणि ते स्वतः घेऊन आले. आक्काच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, "बारीक दळ."

त्यानंतर कितीतरी वर्षं नव्याची भाकरी आक्काच करत राहिली. माझी मुलं तिच्या मांडीवर वाढली. मला विचारायच्या आधी ती आक्काला विचारत. वाडीत नवी सून आली की सासू तिला चार दिवस आमच्या चुलीपाशी पाठवायची. आक्का प्रत्येकीला काठवट द्यायची आणि स्वतः बाजूला बसायची. कुणाची फुटली तर म्हणायची, "फुटू दे. पीठ काय पळून जात न्हाई."

ती गेली ती चैत्रात, दोन दिवसांच्या साध्या आजारात. तिला पोचवून पुरुष परत आले. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, कडू घास शेजाऱ्यांनी आणायचा असतो. ऊन कलायच्या आत घराघरांतून बायका आल्या. एकेकीने पदराखालून भाकऱ्या काढल्या आणि ओसरीवर ठेवल्या. तांदळाच्या, नाचणीच्या, आठळ्यांच्या. ओसरीवर ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा मी सुपं पसरली.

माझे पती पुढे सरकले. त्यांनी एकेका घराच्या भाकरीचा तुकडा मोडला आणि सावकाश चावला. बायका त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"सगळ्यास्नी साधलीय गं," ते म्हणाले. डोळे भरून आले होते. "पर वैनीसारखी कुणाची न्हाई."

एकीलाही त्या बोलण्याचा राग आला नाही. उलट सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या दिवशी मी पोटभर रडले, हे खरं. पण त्या भरलेल्या ओसरीकडे बघताना माझी मान ताठ होती, हेही तितकंच खरं.