तिसरी घंटा

आमच्या गाण्याच्या मास्तरांइतका भांडकुदळ माणूस तापीच्या दोन्ही काठांवर झाला नाही. भाजीवालीशी, हेडमास्तरांशी, पेटीच्या भात्याशी, कुणाशीही भांडत. तरुणपणी ते संगीत नाटकांत नायक होते. वन्समोअर घेता घेता चाल राजासारखी झाली, ती शेवटपर्यंत गेली नाही. कंपनी धरणगावच्या मुक्कामात मोडली, मालक पडद्यांसकट पसार झाला आणि हे राजे धुळ्याच्या एका शाळेत मास्तर झाले. हजेरीपटावर सही करतानाही चेहरा प्रेक्षकांकडे ठेवायचे! घरच्या शिकवणीला मुली यायच्या त्या लग्न जमेपर्यंत. मास्तर भडकायचे, "तुला सूर पाहिजे का नवरा? नवरा पाहिजे असेल तर समोर शिवणाचा क्लास आहे." माझा गळा त्यांनी एकदाच ऐकला आणि म्हणाले, "तू घंटा वाजव." मंडळाची पितळी घंटा माझ्या हातात आली ती अशी.

हे नाट्यमंडळ त्यांनीच काढलं, सचिवही तेच. नियम एकच. तिसरी घंटा ठरल्या मिनिटाला, मग नाटकाआधीची नांदी, आणि दार बंद. एकदा कलेक्टर पाच मिनिटं उशिरा आले. मास्तर दारातच म्हणाले, "साहेब, पहिला अंक होईपर्यंत ओट्यावर बसा. चहा पाठवतो." साहेब चहा न घेताच गेले. झालं! मंडळाला स्वतःचं नाट्यगृह बांधायचं होतं, त्याच्या जागेची फाईल साहेबांच्या कचेरीत दोन वर्षं हलली नाही. म्हाताऱ्यानं पायावर धोंडा पाडून घेतला, असं लोक म्हणाले, आणि खरंच होतं ते. तरी मास्तर अकरा वर्षं कचेरीचे उंबरठे झिजवत राहिले. त्यांना एवढंच हवं होतं, की त्या रंगमंचावरची पहिली नांदी आपण म्हणायची. "एकदा म्हटली की गळा गेला तरी चालेल," म्हणायचे.

सत्तर सालाच्या पुढेमागे नाट्यगृह उभं राहिलं एकदाचं. उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते, संध्याकाळी सहाला. मास्तर जुना जरीचा कोट घालून विंगेत उभे, ऑर्गनवाला खास जळगावहून आणलेला. मंत्र्यांचा मात्र पत्ता नाही. आमचा शिपाई दगाभाऊ धावत आला, "मास्तर, बठ्ठा लोके ई ग्यात, पण पाव्हना कोठे शे?"

सहा वाजले. मास्तर मला म्हणाले, "वाजव."

मी वाजवली नाही. म्हटलं, "मास्तर, आजच्या दिवस थांबा. पंख्यांची मंजुरी त्यांच्याच सहीवर अडलीय. फाईल पुन्हा बसली तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भांडले असते तर बरं झालं असतं. "बरं," म्हणाले आणि खुर्चीत बसले.

मंत्री पावणेआठला उगवले. मग हार, मग भाषणं, सात भाषणं! प्रत्येकानं मास्तरांची तळमळ सांगितली, आणि तळमळणारा विंगेत बसलेला. शेवटी मंडळाचे अध्यक्ष आत आले, "मास्तर, साहेबांना जळगाव गाठायचंय. नांदी पुढच्या वेळी घेऊ." अरे, पहिली नांदी पुढच्या वेळी कशी घेणार, गाढवा? पण हे मी आज म्हणतोय. तेव्हा नुसती घंटा धरून उभा होतो. मास्तरांनी ऑर्गनवाल्याला हातानंच खूण केली, झाक.

पंखे आले. मास्तर त्यांच्याखाली बसून कारभार बघायचे, पण त्या रंगमंचावर कधी गायले नाहीत. भांडणंही सुटली. भाजीवाली मला विचारायची, "मास्तरले बरं नई शे का?" मी मेथीचा भाव विचारायचो.

मास्तर गेले. आता सचिव मी आहे. मंत्री येवो न येवो, घंटा ठरल्या मिनिटाला वाजवतो. मास्तरांचं वळण उचललं, म्हणून लोक कौतुक करतात. कसलं डोंबलाचं वळण! त्या दिवशी सहाला एकदा वाजवली असती तर पुरे होतं.