विमानातली डावी खिडकी

आमच्या ह्यांना कंपनीनं विमानानं मुंबईला पाठवायचं ठरवलं, कारण रेल्वेचा संप होता आणि तिकडच्या कारखान्यातलं बंद पडलेलं मशीन दुपारच्या आत चालू करायचं होतं. मशीन राहिलं बाजूला, घरात एकच विषय: बसायचं कुठं? दोन पंख्यांचं छोटं विमान, तिकिटावर जागेचा नंबर नाही. आधी चढेल त्याची खिडकी.

चिंचवडात आम्ही नुकतंच दोन खोल्यांचं घर बांधलं होतं, वर गच्ची. मुंबईचं विमान आमच्याच बाजूनं जायचं. मी ह्यांना सांगून ठेवलं, मी गच्चीवर लाल चादर घेऊन उभी राहते, तुम्ही वरून बघा. हौस माझी. संसाराला इतकी वर्षं झाली, ह्या माणसानं मला कधी वळून बघितलं असेल तर शपथ. म्हटलं, निदान आभाळातून तरी बघेल.

मग सल्ल्यांना ऊत आला. जन्मात विमानात पाऊल न टाकलेला शेजारी म्हणाला, पंखाच्या पुढं बसा राव, नाहीतर मुंबईपर्यंत पंखच बघत जाल. कुणी म्हणे, शेपटीकडं पोटात ढवळतं. डावं की उजवं, हे मात्र ह्यांनी स्वतःच्या अकलेनं ठरवलं. कंपनीची बस मुंबईच्या दिशेनं निघाली की आमचं घर डाव्या हाताला येतं. विमानही मुंबईलाच जाणार, म्हणजे डावी खिडकी. आणि मलाही ते पटलं, बोला आता.

त्या दिवशी गच्चीवर माझे पाय भाजत होते. विमान दापोडीच्या अंगानं आलं. मी वेड्यासारखी चादर हलवली. शेजारणी हसल्या, हसू देत. पण मेलं ते विमान गेलं घराच्या पलीकडून, म्हणजे आमचं घर त्याच्या उजव्या हाताला. बसचा रस्ता त्याला कोण सांगणार? मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी हे परत आले आणि चहा मागितला. मी रागानं काही विचारलंच नाही. शेवटी आपणच सांगायला लागले. धावत जाऊन पहिली डावी खिडकी पकडली, तर खाली नुसती शेतं. घर काही दिसेना, तसे पट्टा सोडून उठले. विमानातली बाई बसा बसा म्हणत मागं. उजव्या खिडकीशी एक सूटवाले साहेब बसलेले. त्यांना खाली लाल चादर दिसली होती आणि ते गंमत म्हणून हात हलवत होते.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? म्हटलं, साहेब, सरका जरा. ती माझी बायको आहे, हात मी करतो."

चारचौघांत मला कायम 'आमची मंडळी' म्हणणारा हा माणूस. मी स्टोव्हकडं तोंड फिरवलं आणि विचारलं, केला का मग हात?

"दोन्ही केले," म्हणाले.