काळ्या मातीतला बदली गडी

चाँदभाईंनी जन्मभर दुसऱ्यांच्या घरांचे पाये खणले, तेही बहुतेक ताम्हिणीकडच्या तांबड्या मातीत. तिथे कुदळ खणकन वाजली की पाया लागला, हे ठरलेलं. साठीला कोळवणात काळ्या मातीची गुंठाभर जागा झाली. भर उन्हाळ्यात स्वतःच्या पहिल्या घराचा पाया त्यांनी एकट्याने खणला. कमरेइतक्या खोलीवर कुदळ वाजली. चाँदभाई थांबले. दगड बसवून जोतं वर आणलं.

बायको हसिना जोत्यावर रोज नळीने पाणी मारायची. आठवडाभरात पुढचा कोपरा वर उचलला आणि बोट जाईल एवढी भेग पडली.

"लई पाणी मारलंस तू."

"व्हय, घाला माझ्यावर! घर उचलायला मी काय क्रेन हाय?"

पुण्यात मातीचा अभ्यास करणारी त्यांची लेक मेहविश रविवारी घरी आली. तिने पायाखालचं वाळकं ढेकूळ कुटून एका पेल्यात घातलं. दुसऱ्यात चूल सारवायची तांबडी माती. दोन्हींत पाणी ओतलं. संध्याकाळी तांबडी होती तिथेच होती. काळी दुपटीने फुगली होती.

"अब्बा, दोन्ही माती पापुद्र्यांच्याच, खारी बिस्किटासारख्या. तांबडीत प्रत्येक अणू आपापल्या जागी असतो. पापुद्रे एकमेकांना धरून बसतात. काळीत ॲल्युमिनियमच्या काही जागांवर मॅग्नेशियम बसलेलं असतं. त्याचा विद्युतभार एकाने कमी."

"मंजी बदली गडी."

"हो. तीन हातांच्या कामाला दोन हातांचा. ती तूट भरायला पापुद्र्यांच्या मधे सोडियम, कॅल्शियम शिरतात आणि पाणी ओढून आणतात. पापुद्रे लांब सरकतात. वाळली की पुन्हा दगड."

"मग जितके बदली जास्त, तितकी फुगणार."

"नाही ना. अभ्रकात बदली पुष्कळ. तिथे पोटॅशियम पापुद्र्यांना जखडून टाकतं, पाण्याला वाटच नाही. बदली किती, त्यावरून जात ठरते. आपल्या पायाखाली मधली जात आहे. थोडे बदली, सैल पापुद्रे."

"आन् कुदळ वाजली ती?"

"वाळली होती म्हणून."

हसिनाने विचारलं, "भेगंत सिमेंट भरून भागंल का?"

"न्हाई भागायचं," चाँदभाईच म्हणाले.

सकाळी त्यांनी पहार घेतली. एकेक दगड न फोडता सोडवला, सिमेंट खरवडलं, थरांप्रमाणे बाजूला रचला. मग खाली उतरले. पुन्हा कुदळ वाजली. या वेळी ते थांबले नाहीत. ढेकूळ वर हसिनाकडे दिलं, पेल्यात टाकायला लावलं. फुगलं. आणखी खाली गेले.

"आता चहाला एकबी पेला उरला न्हाई," हसिना वरून ओरडली.

"वाटीत पी."

खड्डा छातीइतका झाला तेव्हा कुदळ वाजायची थांबली, खरखरू लागली. मुरूम होता. तरी चाँदभाईंनी मूठभर वर दिला.

संध्याकाळी पेल्यातला मुरूम होता तिथेच होता. तेव्हा त्यांनी कोपऱ्याचा दगड खाली घेतला.