सोमवारीच बिघडणाऱ्या चकत्या

पोखर्णीच्या नरसिंहाची शपथ, खाली लिहिलंय ते अक्षर न् अक्षर खरं! आता शपथ घेताना मी मोटरसायकलवर होतो आणि देवळाकडं माझी पाठ होती, एवढं धरून चाला.

परभणीच्या एका कॉलेजात मी लॅब असिस्टंट आहे. दोन मणक्यांच्या मधली चकती, जिला आपण गादी म्हणतो, ती मशीनखाली किती दाबली की किती दबते ते आम्ही मोजतो. माणसाच्या चकत्या कोण देणार? म्हणून बोकडाच्या. अशा ठिकाणी किस्से साचतातच, फ्रीजमधल्या बर्फासारखे. मी अधूनमधून खरवडतो, एवढंच.

मी घरी रोज इष्टलिंगाची पूजा करणारा. अंडंसुद्धा माहीत नाही. आणि डब्यात बोकडाचे मणके! बायको म्हणते, "तो डबा उंबऱ्याच्या आत आणला, तर तुमीबी भाईरच जेवा."

वैशाली मॅडमच्या पीएचडीसाठी पहिल्यांदा त्यांच्यासोबत खलीलभाईंच्या मटणाच्या दुकानात गेलो. त्यांनी सगळा कणा सुरेख तुकडे करून दिला. मॅडमनं पिशवी उघडली आणि डोक्याला हात लावला. प्रत्येक घाव बरोबर चकतीतून गेलेला!

"भाई, मला नेमकी तीच अख्खी पाहिजे होती!"

"मॅडम, छुरी तो वहींच चलती जां नरम रैता."

मॅडम मला हळूच म्हणाल्या, "अप्पा, हेच लिहायला मला चार पानं लागली."

एकदा खलीलभाईंचं दुकान बंद होतं, म्हणून पाथरीहून मणके आणले. जीपमध्ये मांडीला मांडी. शेजारच्यानं विचारलं, "डब्यात काय हाय, मामा?"

"मणके."

"कोणाचे?"

"तेच तपासायला चाललोय!"

मानवतला निम्मी जीप उतरली. परभणीपर्यंत मी पाय पसरून आलो.

मॅडमनं एकदा सांगितलं, माणूस सकाळी उठतो तेव्हा जरा उंच असतो. दिवसभर वजनानं चकतीतलं पाणी निघतं, झोपलं की परत भरतं. माझा भाचा भरतीत दरवेळी केसभर कमी पडायचा. मी काय केलं? झोपलेल्यालाच गादीसकट टेम्पोत घातला, मैदानावर नेला आणि थेट पट्टीखाली उभा केला. उंची भरली! साहेबांनी नाव विचारलं. भाचा म्हणतो, "आये, पाचच मिनिटं."

हे झालं गमतीचं. पण मॅडमची शेवटची मुदतवाढ चालू होती. मशीनवर चकती जेवढी दबते, तेवढीच त्यांच्या कॉम्प्युटरच्या गणितात दबली पाहिजे, नाहीतर पाच वर्षं पाण्यात. आणि ती दबायची. बरोब्बर! फक्त सोमवारी नाही.

मॅडमनं व्होल्टेज तपासलं. मशीन उघडलं. खलीलभाईंना विचारलं, रविवारचा बोकड वेगळा असतो का? ते म्हणाले, "बोकड को क्या मालूम इतवार?"

शेवटी एका सोमवारी मॅडम स्टूल घेऊन माझ्यासमोरच बसल्या. चकती मिठाच्या पाण्यात भिजवतात. मीठ जास्त झालं की चकती पाणी कमी ओढते आणि ताठ होते. ते पाणी करायचं काम माझं; मी चिमटीनं मीठ टाकत होतो.

"अप्पा, मीठ मोजत का नाही तुम्ही?"

"काटा बिघडलाय न्हवं. मी चव बघून घालतो. बरोबर असतंय."

"मग आता चव का नाही घेतली?"

"मॅडम, आज सोमवार! अळणी उपास हाय माझा. आज अंदाजानं."

मॅडम आधी हसल्या. मग तशाच स्टुलावरून खाली फरशीवर बसल्या आणि रडायला लागल्या. मला लय वाईट वाटलं. मी कपाट उघडलं. दरवेळचं उरलेलं पाणी मी बाटलीत भरून, तारीख टाकून ठेवत होतो. फेकायला जीव होत नाही. मॅडमनं एकेक बाटली मीठ मोजायच्या मीटरवर मोजली आणि सोमवारचं खरं मीठ कॉम्प्युटरला सांगितलं. सोमवारच्या चकत्यासुद्धा जुळल्या!

पण परीक्षक अडले. "बाकीच्या दिवसांचं मीठ इतकं सारखं? माणसाच्या जिभेनं? मी सही करणार नाही."

मॅडमचा चेहरा पडला. मी म्हणालो, "साहेब, करून दाखवू का?"

वाटीत पाणी, चिमटीत मीठ, बोटावर चव. मीटर लावला. जुळलं! परीक्षक खूश. त्यांनी स्वतःच बोट बुडवलं, चाखलं आणि म्हणाले, "वा, छान जमलंय!"

मॅडम पांढऱ्याफटक. टेबलावर वाट्या दोन होत्या, आणि ही ती होती जिच्यात कालपासून चकती भिजत होती. सही झाली. मॅडम डॉक्टर झाल्या.

आता यात रचलेलं काय, तेही सांगून टाकतो. परीक्षकांनी बोट बुडवलं नव्हतं. वाटी चुकली होती, हे मात्र खरं. आणि "छान जमलंय" असं अंडंसुद्धा माहीत नसलेला एक माणूस म्हणाला होता, हेही खरं.