भोरड्या बसंनात

माझी बदली जम्मूच्या बाजूच्या पोस्टवर झाली तेव्हा मार्च लागला होता. शिक्षण आठवीपर्यंत, म्हणून ट्रेड्समन म्हणून भरती झालो होतो. काम मेसचं: भांडी, पाणी, जळण. पोस्टवर पाणी नव्हतं. खाली नाला होता, नाल्याकाठी शिसवीची झाडं. रोज संध्याकाळी स्टँड-टू व्हायचं, अंधार पडताना सगळे हत्यार घेऊन तयार राहायचे; त्याच्या आधी पाणी पार्टी खाली उतरायची. दोन रायफलवाले, दोन कॅन उचलणारे. उचलणाऱ्यांत मी असायचोच. उतरताना रोज भीती वाटायची. हे मी तिथं कुणाला सांगितलं नाही.

एकालाच कळलं होतं. नाईक मिलिंद. माझं गाव लोहारा तालुक्यात, त्याचं मुरूमजवळ. वयानं चार-पाच वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणायचो. पुढच्या मोर्चात, पोत्यांच्या आडोशाच्या खंदकात, सेंट्रीला म्हणजे पहाऱ्याला असला की वरून हात दाखवायचा. तो हात दिसला की मला उतरायला सोपं जायचं.

मग एका आठवड्यात नाल्यावर भोरड्या आल्या. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही पाखरं आपल्याकडं थंडीत जोंधळ्यावर पडतात. सुगी उरकली की उत्तरेला निघतात. धाराशिव जिल्ह्यात त्यांना दगड मारण्यात माझं लहानपण गेलं. तिथं बघितल्या आणि हातातला कॅन खाली ठेवून बघतच राहिलो. संध्याकाळी थवा यायचा, आभाळात दोन वळसे घ्यायचा आणि झाडांत उतरायचा. मग अंधार पडेपर्यंत नुसता कलकलाट.

"आपल्याच हायेत," मिलिंद म्हणाला. "मुरूमच्या शिवारातल्या."

"कशावरनं? लोहाऱ्याच्या असतील."

"लोहाऱ्याच्या असत्या तर अजून ष्टँडवर बसल्या असत्या, एसटीची वाट बघत."

पोस्ट कमांडर सुभेदारसाहेब कोल्हापूरकडचे. तेही हसले. "दोघं मिळून हजेरी घ्या त्यांची," म्हणाले.

त्या दिवशी आम्ही नेहमीसारखे उतरलो. पुढं लान्स नाईक, त्याच्याकडं वायरलेस सेट. मग मी, मागं दोघं. नाला पन्नास पावलांवर असेल. सेटवर मिलिंदचा आवाज आला.

"पाणी पार्टी, थांबा. खाली बसा. ओव्हर."

आम्ही बांधाआड बसलो. लान्स नाईकनं विचारलं, "काय दिसलं? ओव्हर."

"भोरड्या बसंनात. ओव्हर."

लान्स नाईकनं माझ्याकडं बघितलं. मला कळलं होतं. मी वर बघितलं. थवा झाडांवर उतरत होता आणि पानाला न टेकता परत उठत होता. रानात असं झालं की समजायचं, खाली माणूस आहे.

सुभेदारसाहेब सेटवर आले. "पाणी पार्टी, जागेवर राहा. मिलिंद, कुठलं झाड?"

"बघतो साहेब." थवा पुन्हा उतरला, पुन्हा उठला. "उजवीकडचं. टोकाकडून दुसरं. त्याच्या बुडाला..."

तिथं आवाज तुटला. गोळी एकच होती. आम्हाला ती नंतर कळली, कारण लगेच झाडांतून आमच्यावर फायर आला. डोक्यावरचा बांध फुटत होता. कॅनला भोकं पडली. मी तोंड मातीत घालून पडलो. वरून आमच्या एलएमजी मशीनगननं उजवीकडचं दुसरं झाड धरलं आणि सोडलं नाही. अंधार झाल्यावर आम्ही सरपटत वर आलो. सकाळी सर्चमध्ये त्या झाडाखाली दोघे घुसखोर मरून पडलेले मिळाले, हत्यारांसकट. आणखी पन्नास पावलं गेलो असतो तर आम्ही त्यांच्या पायांशी वाकून पाणी भरत असतो.

मिलिंद मोर्चात पडला होता. गोळी बुलेटप्रूफ जॅकेटच्या वर, गळ्यात लागली होती. पॅरापेटच्या, मोर्चापुढच्या पोत्यांच्या भिंतीच्या, वर डोकं काढायचं नाही, हे रिक्रूटलाही ठाऊक असतं. तो कमरेपर्यंत वर आला होता.

"उभा कसा राहिला?" सुभेदारसाहेब दोनदा म्हणाले. "एवढा जुना माणूस. उभा कसा राहिला?"



एकाच जिल्ह्याचा म्हणून मिलिंदच्या शवपेटीबरोबर मला पाठवलं. हैदराबादपर्यंत विमान, तिथून रस्त्यानं. त्याच्या गावात शाळा बंद ठेवली होती. पेटीवरचा तिरंगा काढून, घडी घालून वडिलांच्या हातात दिला. सलामी झाली. भंतेजींनी त्रिसरण, पंचशील म्हटलं. वडील पांढऱ्या कपड्यांत ताठ उभे होते. रडले नाहीत.

माणसं पांगल्यावर त्यांनी मला गोठ्याकडं नेलं.

"लेकरा, एक इचारतो. खरं सांगायचं. तवा बसला व्हता का उभा?"

काय बोलायचं, काय नाही, हे मला निघताना सांगून ठेवलं होतं. पण मला खोटं बोलता आलं नाही.

"उभा होता, बाबा."

त्यांनी मान हलवली. "उभाच असंल. दुसऱ्याच्या रानात राखणीला असायचो आमी बापलेक. माळ्यावर बसलं की कणसं आडवी येत्यात, पाखरू कुठं उठलं ते दिसत न्हाय. बसलेला घावला की म्या पाठीत घालायचो. उभं ऱ्हा म्हणायचो."

 

"बाबा, तो बोलला म्हणून खाली चारजण वाचले."

"चार?"

"चार."

"नावं सांग त्यांची."

मी सांगितली, गावांसकट. एक जळगावकडचा. एक बेळगावचा. एक सांगलीचा. चौथं नाव तोंडातून निघेना.

ते माझ्याकडं बघत राहिले. "तू व्हय?"

"व्हय, बाबा," म्हणालो आणि माझं नाव सांगितलं.

त्यांनी माझं मनगट धरलं. आतून घरातली एक बाई त्यांना हाक मारत होती, फोटोपुढं मेणबत्त्या लावायच्या होत्या, काडेपेटी सापडत नव्हती. ते गेले नाहीत. मनगटही सोडलं नाही. मग तिथंच, गोठ्याच्या दारात, त्यांनी ती चार नावं एकेक करून परत म्हटली आणि पाचवं मिलिंदचं म्हटलं.