रिकामी फिरणारी गिरणी

त्या गिरणीचा विषय निघाला की आजही मान खाली जाते. गुन्हा माझा नव्हता, तरीही.

येरमाळ्याकडच्या एका ठाण्यात मी प्रभारी अधिकारी होतो. एका सकाळी गिरणीशेजारी राहणारी म्हातारी ठाणे अंमलदारापुढं येऊन बसली.

"सायेब, गिरणी दिवसभर चालू हाय. दळण काय न्हाय. नुसती रिकामी फिरवतोय."

अंमलदार हसला. मला हसू आलं नाही. रिकामी गिरणी फिरवली की दगडावर दगड घासतो. कोणताही गिरणीवाला ते करत नाही. शिवाय ही गिरणी चालवणाऱ्यानंच आपला थोरला भाऊ हरवल्याची नोंद आमच्याकडं केली होती. थोरल्याला जुना दमा होता आणि गिरणी दोघांची होती.

हवालदाराला घेऊन गेलो. गिरणीवाल्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. भाऊ पुण्याला कामाला जातो म्हणून गेला, असं तो ओरडून सांगत होता. काही ऐकू येईना, म्हणून मी हवालदाराला मोटार बंद करायला सांगितलं.

पट्टा थांबला. गिरणीवाल्यानं दोन्ही कान दाबून धरले.

"चालू करा सायेब. धाप लागलीय त्याला. तुमाला ऐकू येत न्हाय व्हय?"

मला काहीच ऐकू येत नव्हतं. "कुणाला धाप लागलीय?"

"अण्णाला."

शरमलेल्या माणसाला दरडावू नये. तो मिटून जातो. मी हळूच विचारलं, "अण्णा कुठं आहे?"

त्यानं मागच्या खोलीकडं बोट केलं. वाटणीवरून भांडण झालं, तेव्हा त्यानं भावाला त्या खोलीतल्या पिठाच्या धुरळ्यात ढकलून बाहेरून कडी लावली होती.

"म्या मारलं न्हाय, सायेब. म्या दार उघडलं न्हाय. भाईर बसून ऐकत हुतो."

पंचांसमोर त्यानं पुरल्याची जागा दाखवली. तहसीलदारांच्या हजेरीत जमीन उकरली, प्रेत मिळालं. त्याला आधी मनोरुग्णालयात ठेवावं लागलं, मग खटला चालून शिक्षा झाली.

पंचनाम्यानंतर मी म्हातारीचा जबाब घ्यायला गेलो. तिनं पदर तोंडाशी धरला. "दार बडवल्यालं मला बी ऐकू आलं हुतं. वाटलं, भावाभावाचं हाय, आपन कशाला मधी पडायचं?"

"मग ठाण्यात आलात त्या दिवशी हे का नाही सांगितलंत?"

"तेच सांगाया आले हुते. तुमच्या म्होरं बसले अन् लाज वाटली. मग गिरणीचं बोलले."

तो आवाज गल्लीतल्या बऱ्याच घरांत गेला होता. त्यांना लावायला माझ्याकडं कलम नव्हतं. जबाब देताना एकानंही माझ्याकडं वर पाहिलं नाही.

तेव्हापासून कुणी किरकोळ तक्रार घेऊन आलं की मी त्याला लगेच वाटेला लावत नसे. चहा सांगायचो, बसवून ठेवायचो. माणूस ठाण्याची पायरी चढतो ती बहुधा दुसऱ्याच गोष्टीसाठी, आणि ती ओठांवर यायला वेळ लागतो.