सायराकानची यादी

जुमाकादिर चष्मे बनवायचा, पण काराकोल गावात लोक त्याला ओळखायचे ते त्याच्या यादीमुळे. दर वर्षी पंचवीस डिसेंबरला तो दुकानाच्या काचेवर आतल्या बाजूने एक कागद चिकटवायचा. वर्षभरात निघालेल्या अल्बमांपैकी त्याला आवडलेले दहा, एकापासून दहापर्यंत, वळणदार अक्षरात. सतरा वर्षं हा नेम चुकला नव्हता. आधी कॅसेटी होत्या, मग सीडी आल्या. बिश्केकच्या मिनीबसचा ड्रायव्हर दर शनिवारी त्याच्या हातात नव्या सीडींचं पुडकं ठेवायचा आणि रविवारभर जुमाकादिर कोणाशी धड बोलायचा नाही.

यादी लागली की गावातले पंधरा-वीस शौकीन बर्फात उभे राहून वाचायचे. शाळेतले गाण्याचे मास्तर, दातांची डॉक्टर अनारा, पेट्रोल पंपावरचे दोघे भाऊ.

"जुमाके, चौथ्या नंबरावर हे काय घातलंत? कान धुऊन घ्या जरा!"

मग जुमाकादिर भिंगं पुसायचं फडकं खांद्यावर टाकून दारात यायचा आणि तासभर भांडायचा. वर्षातले हे चार-पाच दिवस तो खऱ्या अर्थाने जगायचा.

त्याची बायको सायराकान घरी लोकरीच्या नमद्याच्या सतरंज्या शिवायची. तिला या सगळ्यात काडीचा रस नव्हता. "माझ्या बायकोला कान आहेत ते डूल घालायला," असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि तीही हसायची.

त्या वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्याच बर्फात सायराकान अंगणातल्या नळापाशी घसरली. घोट्याचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. मुलगी लग्न होऊन तोकमोकला, घरात दिवसभर ही एकटी. टीव्हीवरच्या मालिकांना ती चार दिवसांत विटली. पाचव्या दिवशी दुपारी जुमाकादिर पाव घेऊन जेवायला आला, तर घरात गाणं चालू होतं. सायराकान पाय उशीवर ठेवून नमदा शिवत होती आणि त्याच्या सीडींची चळत तिच्या मांडीशी.

त्याला इतका आनंद झाला की पाव हातातच राहिला. "अगं, तू ऐकतेयस?"

"पडल्या पडल्या काय करू? भिंती मोजून झाल्या."

"मग हे ऐक. अल्माटीच्या पोरांचा बँड आहे. अल्बम 'काचेचा घोडा'. यंदाचा पहिला नंबर हाच."

तिने ऐकला. दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने विचारलं, "कसा वाटला?"

"आवाज चांगलेत पोरांचे. पण ती गाताना सारखी आरशात बघतायत हो."

जुमाकादिरने हातातला घास परत ताटात ठेवला. गेले तीन महिने त्या अल्बमबद्दल त्यालाही काहीतरी खुपत होतं, आणि ते नेमकं काय ते त्याला सापडत नव्हतं.

"तुला त्यातलं काय कळतं?" तो म्हणाला.

"काही नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

पुढचा महिनाभर ती ऐकत राहिली, आणि एका निळ्या वहीत लिहीत राहिली. प्रत्येक अल्बमला एक वाक्य, फार तर दोन. तिचा पहिला नंबर होता तालासकडच्या एका म्हातारीचा. नातवाने स्वयंपाकघरात रेकॉर्ड केलेलं, तोंडात धरून वाजवायचं नुसतं मोरचंग. अल्बमचं नाव 'गाय अजून आली नाही'. जुमाकादिरने तो सप्टेंबरमध्ये दोन तुकडे ऐकून बाजूला टाकला होता.

एके दिवशी इस्मार भेटायला आला. हा जुमाकादिरचा जुना दोस्त, दुंगान जमातीचा, बाजारात आश्ल्यान-फू विकायचा. पेशंटसाठी त्याने त्या आंबट-तिखट थंड शेवयांचा डबा आणला होता. बोलता बोलता त्याच्या हाताला ती वही लागली. वाचून तो हसून हसून बेजार झाला, मग एक पान त्याने दोनदा वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला.

इस्मारला कळलं म्हणजे बाजाराला कळलं. दोन दिवसांनी अनारा डॉक्टर चष्म्याची दांडी बदलायला आली आणि म्हणाली, "जुमाके, यंदा आमच्या सायराकान एजेची यादी लागणार म्हणे? कधी?"

जुमाकादिर भिंग फ्रेममध्ये बसवत होता. जोर जास्त लागला आणि कडेचा टवका उडाला.

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतायत. त्या आरशाचं वाक्य आमच्या दवाखान्यात पाठ झालंय सगळ्यांना."

आपल्या सतरा याद्यांतलं एक तरी वाक्य कोणाला पाठ आहे का, हे विचारायचं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. त्याने विचारलं नाही. कारण उत्तर त्याला माहीत होतं.

त्या संध्याकाळी त्याने घरातला प्लेअर उचलला. "खरखर येतेय. दुरुस्तीला नेतो."

सायराकानने सुई थांबवून त्याच्याकडे पाहिलं. तिला खरखर ऐकू आलेली नव्हती. "न्या," ती म्हणाली. "माझं सगळं ऐकून झालंय. आता आठवलं तरी पुरतं."

हे तर त्याला जास्तच झोंबलं. त्याला स्वतःला तिसऱ्यांदा ऐकल्याशिवाय काही आठवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने दुकानाच्या दारावरची पाटी उलटी केली, प्लेअर लावला आणि म्हातारीचा अल्बम घातला. सायराकानने लिहिलं होतं ते त्याने चोरून वाचलेलं होतं: 'ही बाई वाजवताना मध्येच श्वास घेते, तेव्हा वाटतं, कोणीतरी आपल्याला काही सांगायला आलंय आणि दारातच थांबलंय.' चौथ्या तुकड्यात तो श्वास आला. जुमाकादिरने नकळत दाराकडे पाहिलं. त्याला रडू आलं नाही, राग आला. ती बरोबर होती, आणि हे तिने पाय वर करून पडल्या पडल्या ओळखलं होतं.

पंचवीस तारखेला काचेवर यादी लागली. पहिल्या नंबरावर 'गाय अजून आली नाही'. आणि खाली, सतरा वर्षांत पहिल्यांदाच, एक वाक्य. श्वासाचं आणि दाराचं. खाली सही जुमाकादिरची.

मास्तरांनी आत येऊन त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "जुमाके, आज तुम्ही मनापासून लिहिलंत." त्याने मान डोलावली. इस्मार आला, त्याने वाचलं, टोपी काढून डोकं खाजवलं.

"हे मी कुठंतरी वाचलंय, जुमाके. निळ्या वहीत."

एवढंच बोलून तो गेला. तासाभरात त्याची गाडी दुकानासमोर उभी राहिली आणि काठी टेकत सायराकान उतरली. तीन दिवसांपूर्वीच तिचं प्लास्टर निघालं होतं.

"एजे, बघा तरी तुमच्या नवऱ्याने काय लिहिलंय!" मास्तर म्हणाले.

तिने सगळी यादी सावकाश वाचली. काचेच्या आत जुमाकादिर उभा होता. दोघांच्या चेहऱ्यांच्या मध्ये तेवढा कागदच होता.

"हो," ती म्हणाली. "छान लिहिलंय." आणि गाडीत जाऊन बसली.

तिने चारचौघांत तमाशा केला असता तर बरं झालं असतं, असं त्याला दिवसभर वाटत राहिलं. घरी आल्यावर त्याने बूटही काढले नाहीत.

"बोल की काहीतरी!"

"काय बोलू? मागितलं असतंत तर दिलं असतं."

"सतरा वर्षं ऐकतोय मी, सायरा! सतरा वर्षं! आणि तू दीड महिन्यात…" त्याने टोपी काढून पलंगावर फेकली. "मी जळतो तुझ्यावर. झालं समाधान?"

"माझ्यावर? मी तर कोणाला दाखवणारसुद्धा नव्हते." तिने काठी भिंतीला टेकवून ठेवली. "एक सांगा. लोकांसाठी नाही, यादीसाठी नाही. यंदा तुम्हाला खरंच काय आवडलं?"

जुमाकादिर बूट काढायला खाली वाकला. त्याला सांगता आलं नाही.

सकाळी त्याने आपली यादी उतरवली आणि वहीची पानं काचेवर लावली, वर मोठ्या अक्षरात तिचं नाव घालून. लोक वर्ष संपेपर्यंत येत राहिले. दरवर्षीपेक्षा जास्त आले, जास्त वेळ थांबले. आत तो भिंगं घासत बसायचा आणि बाहेर कोणी हसलं की कोणत्या वाक्याला हसलं ते त्याला बरोबर कळायचं. भांडायला त्याला कोणी बाहेर बोलावलं नाही. त्याच्या काळजात रोज नव्याने काहीतरी टोचायचं, आणि तरी त्याने ती पानं काढली नाहीत.

एकतीस तारखेला दुपारी तो प्लेअर घेऊन घरी आला. सायराकान सॅलडसाठी बटाटे चिरत होती. त्याने कोटाच्या आतल्या खिशातून एक सीडी काढली. एका तातार म्हाताऱ्याने अकॉर्डियनवर वाजवलेल्या लग्नाच्या चाली.

"हे," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मार्चपासून दुकानात ऐकतोय. दुकान बंद करून. यादीत घातलं असतं तर मास्तर हसले असते."

तिने सुरी खाली ठेवली आणि शेवटपर्यंत ऐकलं. तिसऱ्या चालीला तिचा दुखरा पाय ठेका धरायला लागला.

"हा माझ्याही यादीत हवा होता," ती म्हणाली. "हा माणूस ना, वाजवताना…"

"थांब!" जुमाकादिर जवळजवळ ओरडलाच. "पुढे बोलू नकोस. याच्यावर आधी मी लिहिणार."

आणि बटाट्यांची परात बाजूला सारून तो कागद शोधायला लागला.